डोळ्यातला न दुखणारा दाह: वय झाल्यावर पडदा का झिजतो?

२०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्यात द्यायच्या दोन इंजेक्शनांना मान्यता दिली. फेब्रुवारीत पेगसेटाकोप्लानला आणि ऑगस्टमध्ये अवासिनकॅप्टाड पेगॉलला. वयामुळे डोळ्याचा पडदा झिजण्याचा जो कोरडा प्रकार आहे, त्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी तोवर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. ‘वयाचा परिणाम आहे, सांभाळून राहा’ यापलीकडे डॉक्टरांनाही फारसे काही सांगता येत नसे. त्यामुळे ही बातमी पसरली आणि मुले परदेशात असलेल्या घरांत फोनवर तोच विषय सुरू झाला. आईला हे इंजेक्शन मिळेल का? बाबांची गेलेली नजर परत येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे कळायला ही औषधे नेमकी कशावर काम करतात ते पाहावे लागते. नजर सुधारणे किंवा पडद्याला ताकद देणे हे त्यांचे काम नाही. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा पडद्याला जी इजा करत असते, ती थोडी रोखणे एवढेच ती करतात. म्हातारपणी अधू होणाऱ्या डोळ्याचा आणि संरक्षण यंत्रणेचा संबंध काय, हे या लेखात सावकाश पाहू.

आधी आजाराची ओळख

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला, प्रकाश टिपणारा पातळ थर म्हणजे दृष्टिपटल. बोलताना आपण सगळे त्याला ‘पडदा’ म्हणतो. या पडद्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटर रुंदीचा एक भाग असतो, तो मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, नोट शंभराची की पाचशेची हे ओळखणे, समोरच्याचा चेहरा पाहणे, ही सगळी बारीक कामे एवढ्याशा जागेवर चालतात. पन्नाशी-साठीनंतर काही जणांत नेमकी हीच जागा झिजू लागते. या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून एएमडी म्हणतात. २०२० साली जगभरात सुमारे १९.६ कोटी लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात असेल, असा अंदाज होता.

मोतीबिंदूत सगळेच चित्र धुरकट होते. एएमडीत चित्राचा मधला भाग जातो आणि कडा शाबूत राहतात. यातून घरोघरी गैरसमज होतात. आजी घरभर एकटी नीट वावरते, कोपऱ्यात पडलेला कपडा तिला दिसतो, पण दारात उभ्या असलेल्या जावयाला ती ओळखत नाही. घरचे वैतागतात, ‘कपडा बरा दिसतो, माणूस दिसत नाही?’ खरे तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ती ज्याच्याकडे रोखून पाहते तेच तिला दिसत नाही. अशा माणसावर सोंगाचा आरोप होतो तेव्हा फार वाईट वाटते, कारण दृष्टी जाण्याचे दुःख एकीकडे आणि घरच्यांचा अविश्वास दुसरीकडे, असे दोन्ही त्याच्या वाट्याला येते.

दुसरा गैरसमज ऑपरेशनचा. ‘मोतीबिंदू काढला, चांगली लेन्स टाकली, तरी वाचता येत नाही, ऑपरेशन बिघडले.’ कधीकधी ऑपरेशन उत्तम झालेले असते. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भिंगात असतो आणि झीज मागच्या पडद्यावर असते. भिंग बदलले म्हणून पडदा बदलत नाही.

एएमडीचे दोन प्रकार. कोरड्या प्रकारात पडद्याखालच्या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, आणि नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत घसरू शकते. बहुतेकांना कोरडा प्रकार असतो. त्यातल्या काहींना पुढे ओला होतो.

दुखत नाही, लाल नाही, मग दाह कसला?

शंका रास्त आहे. दाह म्हटले की आपल्याला डोळे आलेले आठवतात: लाली, सूज, चुरचुर, चिकटलेल्या पापण्या. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली, ती म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाचे विद्यार्थी तीच पाठ करतात.

पण ही लक्षणे भडकलेल्या दाहाची आहेत. जंतू शिरला की संरक्षण यंत्रणा जोरात उठते, काम संपवते आणि शांत होते. त्याखेरीज एक मंद दाहही असतो. जंतू नसतो, जखम नसते, पण पेशींवर रोजचा ताण असतो, साचलेला कचरा असतो, आणि यंत्रणा धड झोपलेली नाही व धड जागी नाही अशा अवस्थेत वर्षे काढते. संरक्षण यंत्रणेचे अभ्यासक रुस्लान मेडझिटोव यांनी २००८ मध्ये या मधल्या अवस्थेची मांडणी केली. त्याआधी २००० साली इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी वाढत्या वयाबरोबर अंगभर चढत जाणाऱ्या मंद दाहाची कल्पना पुढे आणली होती. सांधे, हृदयाच्या रक्तवाहिन्या, मेंदू आणि डोळा, सगळीकडे ती आज तपासली जाते.

पडद्यात वेदना कळवणारे मज्जातंतू नाहीत. तिथे काहीही बिघडले तरी दुखत नाही. मॅक्युला डोळ्याच्या अगदी मागे असल्याने आरशात लालीही दिसत नाही. म्हणून ‘दुखत नाही म्हणजे बरे आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब डोळ्याच्या पडद्याला लागू पडत नाही.

डोळ्याला एरवी दाह परवडत नाही, आणि शरीराने त्याची सोयही केलेली आहे. १९४८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या सशाच्या कातडीचा तुकडा बसवून पाहिला. अंगावर इतरत्र असा परका तुकडा लवकरच झिडकारला जातो. डोळ्यात मात्र, रक्तवाहिन्या त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत, तो टिकून राहिला. डोळ्यात संरक्षण यंत्रणेवर खास लगाम असतो हे त्यातून दिसले. लगाम असण्याचे कारणही पटण्यासारखे आहे. कातडीची पेशी मेली तर नवी येते. पडद्याची पेशी मेली की ती जागा कायमची रिकामी. एएमडीत याच लगामांपैकी एक सैल पडतो.

पडद्यामागच्या काळ्या थराचे काम

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे एकाच पेशीच्या जाडीचा एक थर असतो. रंगद्रव्यामुळे तो काळसर दिसतो, म्हणून पुढे त्याला काळा थरच म्हणू. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग रोज झडवतात आणि रोज नवा घडवतात. झडलेला माल काळा थर गिळतो, पचवतो, कामाचे अंश परत देतो आणि उरलेले मागच्या रक्तवाहिन्यांकडे ढकलतो. एकेका काळ्या पेशीकडे अशा कितीतरी पेशींची जबाबदारी असते, आणि या काळ्या पेशी प्रौढपणी सहसा विभागत नाहीत. विसाव्या वर्षी जी पेशी काम करत होती, तीच सत्तराव्या वर्षीही करत असते.

वर्षे जातात तसे पचन अपुरे पडते. पेशीत न पचलेला पिवळसर गाळ साठतो. काळा थर आणि मागच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये ब्रुकचे पटल नावाची एक गाळणी आहे. तिच्यात चरबी मुरते, ती जाड होते, आणि काळ्या थराखाली कचऱ्याचे ढिगारे साचतात. डॉक्टर त्यांना ड्रुसेन म्हणतात. नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ डॉन्डर्स यांनी १८५५ मध्येच त्यांचे वर्णन केले होते. ओसीटी नावाची जी पडद्याची तपासणी होते, तिच्या चित्रात एरवी सरळ असणारी रेघ जागोजागी वर उचललेली दिसते. त्या प्रत्येक उंचवट्याखाली एक ड्रुसेन असते.

बारीक ड्रुसेन साठीनंतर पुष्कळांना असतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. रिपोर्टवर तो शब्द दिसला म्हणून घाबरू नये. १२५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एका मिलिमीटरच्या आठव्या हिश्शापेक्षा मोठे ड्रुसेन दिसले, तर नियमित तपासणी गरजेची होते.

ड्रुसेन म्हणजे साठलेली घाण, एवढेच बराच काळ समजले जाई. २००० सालच्या आसपास ग्रेगरी हेजमन, डॉन अँडरसन, लिंकन जॉन्सन यांच्यासारख्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतले ड्रुसेन नीट तपासले. त्यांत चरबीबरोबर दाहाची प्रथिने सापडली. जंतूशी लढताना रक्तात जी कामाला लागतात तीच प्रथिने, जंतूचा मागमूस नसलेल्या जागी. नेत्रदान केलेल्या माणसांचे केवढे ऋण आहे पाहा. जिवंत माणसाच्या काळ्या थराचा तुकडा काढून तपासण्याची सोय नाही. एएमडीबद्दल आज जे कळले आहे, त्यातला मोठा भाग दान केलेल्या डोळ्यांमुळे कळला आहे.

फुली मारणारे पथक

ही प्रथिने ज्या संचातली आहेत त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. तीसहून अधिक प्रथिनांचा हा संच आहे. त्यांतली बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तातून फिरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमचे ज्यूल बोर्डे यांनी या यंत्रणेवर पायाभूत काम केले. १९१९ चे नोबेल पारितोषिक त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी मिळाले.

तिचे काम समजायला महापालिकेचे अतिक्रमण हटाव पथक डोळ्यांपुढे आणा. पाडायच्या बांधकामावर पथक आधी लाल फुली मारते. नंतर तोडणारे येतात आणि फुली पाहून हातोडा चालवतात. कॉम्प्लिमेंटमधले सी-३ नावाचे प्रथिन ही ती फुली. ती जंतूवर बसली की भक्षक पेशी येऊन त्याला गिळतात. शिवाय याच साखळीतली पुढची प्रथिने एकत्र येऊन जंतूच्या भिंतीला थेट भोक पाडतात.

आता या पथकाची एक विचित्र रीत. ते फक्त संशयित घरांवर फुल्या मारत नाही. ते सतत, थोड्या थोड्या, दिसेल त्या भिंतीवर मारत असते, आपल्या आणि परक्याही. वर एका फुलीवरून आणखी दहा फुल्या उमटतात. जंतू झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे परवानगीची वाट पाहत बसायला वेळ नसतो. म्हणून ही रीत उपयोगी आहे. पण मग कायदेशीर घरांचे रक्षण कोणी करायचे? त्यासाठी शरीराने पथकाच्या मागोमाग फिरून आपल्या घरांवरच्या फुल्या पुसणारी माणसे नेमली आहेत. त्यांतल्या मुख्य माणसाचे नाव फॅक्टर-एच. ते रक्तात फिरते, आपल्या पेशींना आणि पटलांना ओळखून तिथे चिकटते आणि फुली फोफावण्याआधी पुसते. बहुतेक जंतूंकडे असा पुसणारा नसतो, म्हणून ते मारले जातात.

हा पुसणारा कामात ढिला असेल तर काय होईल? एकाच दिवसात काही कोसळणार नाही. ब्रुकच्या पटलावर, काळ्या थराच्या पायथ्याशी, फुल्या जरा जास्त काळ राहतील. तोडणारे येतील, थोडे ठोकतील, जातील. त्यातून राडारोडा पडेल, त्या राडारोड्यावर पुन्हा फुल्या बसतील. असे पन्नास वर्षे चालू राहिले, तर साठीनंतर जे दिसते ते एएमडी.

२००५ मधला पुरावा

हा नुसता तर्क राहिला असता. पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच सुमारास एकच निष्कर्ष छापला, आणि त्याच वर्षी हेजमन यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तो मांडला. एएमडी झालेल्यांत फॅक्टर-एचच्या जनुकातला एक विशिष्ट बदल इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. हे प्रथिन बाराशेहून अधिक अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्यातल्या ४०२ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन आले, एवढाच तो फरक. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून हा बदल आला तर एएमडीचा धोका दोन-अडीच पट आणि दोघांकडूनही आला तर साधारण पाच-सहा पट होतो, असे युरोपीय वंशाच्या लोकांत दिसले.

त्यांतल्या एका अभ्यासात रुग्ण होते अवघे ९६ आणि तुलनेला ५० निरोगी माणसे. एवढ्याशा संख्येतही फरक ठळक उठून दिसला, यावरून या बदलाचा परिणाम किती मोठा आहे ते कळते.

भारतीयांना हे लागू आहे का? २००६ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांत हाच बदल तपासला आणि इथेही त्याचा संबंध सापडला. जपानी लोकांत मात्र हा बदल मुळातच विरळा आहे, तरी त्यांना एएमडी होतो. म्हणजे वाटा अनेक आहेत. २०१६ मधल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एएमडीशी जोडलेले ५२ जनुकीय बदल मिळाले, आणि त्यांतले कितीतरी कॉम्प्लिमेंटच्याच साखळीतले होते.

पुढे हेही दिसले की बदललेले फॅक्टर-एच ब्रुकच्या पटलाला आणि खवट झालेल्या चरबीच्या अंशांना नीट चिकटत नाही. वय झालेल्या पडद्यामागे नेमकी हीच चरबी साठलेली असते. फुली पुसायची सर्वांत जास्त गरज असते तिथेच पुसणारा टिकत नाही.

मंद दाहातून ओला प्रकार कसा होतो

कॉम्प्लिमेंटच्या साखळीत सी-३ आणि सी-५ तुटताना त्यांचे छोटे तुकडे सुटतात. ते भक्षक पेशींना बोलावतात. उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत असेही दिसले की या तुकड्यांमुळे काळा थर व्हीईजीएफ नावाचे प्रथिन जास्त सोडतो. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा निरोप हे प्रथिन देते. त्याला जोर आला की पडद्याखाली कच्च्या वाहिन्या उगवतात. हा ओला एएमडी.

यावर मात्र उत्तम उपाय आहे. व्हीईजीएफला पकडून ठेवणारे रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. भारतात इंटास कंपनीने २०१५ मध्ये त्याचे स्वस्त समरूप आणले. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगाचे औषधही डोळ्यात बरेच वापरले जाते. ही इंजेक्शने मिळण्याआधी ओला एएमडी झालेला डोळा बहुधा वाचनातून बाद होई. उपचाराच्या मुख्य चाचण्यांत दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांची नजर मोठ्या प्रमाणात घसरणे थांबले आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या.

‘डोळ्यात सुई’ ऐकूनच कित्येक जण उपचार टाळतात, म्हणून ते कसे होते ते सांगतो. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात, मग आयोडिनच्या द्रावणाने डोळा आणि पापण्या स्वच्छ करतात. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तारेचा चिमटा लावतात. खरे तर कित्येकांना त्याचाच त्रास सुईपेक्षा जास्त वाटतो. सुई बुबुळात घालत नाहीत, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर दूर, पांढऱ्या भागात घालतात. औषध फक्त ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब. काही सेकंदांत काम संपते. नंतर एखादा दिवस चुरचुरते, डोळ्यात एखादे काळे वर्तुळ तरंगताना दिसते. पण नंतरच्या दिवसांत दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा नजर घसरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण क्वचित जंतुसंसर्ग होतो आणि तो तातडीचा असतो.

दाहच आहे ना, मग स्टेरॉइडचे थेंब चालतील का?

नाही. मेडिकलवाल्याकडून स्वतःच थेंब घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती डोळे घालवते. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातले तर मोतीबिंदू होतो, आणि काहींच्या डोळ्यातला दाब चढून काचबिंदू होतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. वर हे थेंब पडद्यापर्यंत पुरेसे पोहोचतही नाहीत. थेट डोळ्यात स्टेरॉइड टोचूनही ओल्या एएमडीत पाहिले गेले. एकट्या स्टेरॉइडने नजर वाचली नाही.

मधुमेहामुळे पडद्याला सूज येते तेव्हा मात्र काही रुग्णांना डोळ्यात स्टेरॉइडचे सूक्ष्म रोपण उपयोगी पडते. तिथे दाहाचा प्रकार वेगळा आहे: पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंती पाझरू लागतात. वयानुसार डोळे कोरडे पडतात (हा कोरडा एएमडी नव्हे), त्यातही दाहाचा वाटा मोठा आहे, तो पृष्ठभागावरचा. तिथे दाह शमवणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले जातात. एकाच नावाखाली इतक्या निरनिराळ्या गोष्टी येतात, म्हणून ‘दाहावरचे औषध’ असे सरसकट काही नसते.

ॲस्पिरिन? ऑस्ट्रेलियात वयस्कर लोकांवर कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची चाचणी झाली, तीत एएमडीवर फायदा दिसला नाही. हृदयासाठी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डोळ्यांसाठी म्हणून सुरूही करू नका. हळदीबद्दलही विचारले जाते. प्रयोगशाळेत तिच्यातले कर्क्युमिन दाह कमी करते, पण पोटातून ते फार थोडे शोषले जाते आणि एएमडी त्याने थांबतो हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. स्वयंपाकात हळद असू द्या. हळदीच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे.

ती दोन नवी इंजेक्शने

आता सुरुवातीच्या बातमीकडे. पेगसेटाकोप्लान सी-३ ला अडवते, अवासिनकॅप्टाड सी-५ ला. दोन्ही औषधे दर महिन्याला किंवा एक-दोन महिन्यांच्या अंतराने डोळ्यात टोचावी लागतात. चाचण्यांत त्यांनी मेलेल्या भागाची वाढ साधारण १५ ते २० टक्क्यांनी मंदावली. वाढ थांबली नाही, आणि चट्टा तर मागे गेलाच नाही. मुख्य म्हणजे औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्या वाचण्यात-दिसण्यात स्पष्ट फरक दाखवता आला नाही.

धोकेही आहेत. पेगसेटाकोप्लानच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्या सुमारे १२ टक्के रुग्णांना ओला प्रकार झाला. औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ३ टक्के होते. बाजारात आल्यावर २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या रेटिनातज्ज्ञांच्या, म्हणजे पडद्याच्या डॉक्टरांच्या, संघटनेने पडद्याच्या रक्तवाहिन्यांना गंभीर दाह झाल्याचे काही रुग्ण नोंदवले. असे फार थोड्यांना झाले, पण त्यांतल्या काहींची नजर गेली. २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने या औषधाला मान्यता नाकारली. चट्टा हळू वाढतो हे त्यांनीही मान्य केले. रुग्णाच्या रोजच्या जगण्यात त्याचा फायदा दिसत नाही, हा आक्षेप होता.

मला युरोपचा निर्णय जास्त पटतो. ज्याचा चट्टा नजरेच्या मध्यबिंदूच्या अगदी जवळ आला आहे, पण अजून पोहोचलेला नाही, त्याला आणखी काही काळ वाचायला मिळण्याची शक्यता मोलाची वाटू शकते, आणि तो निर्णय त्या रुग्णाने आपल्या रेटिनातज्ज्ञाशी बोलून घ्यावा. मध्य आधीच गेलेला असेल, तर सत्तरी-ऐंशीच्या माणसाला महिन्या-महिन्याला दवाखान्यात नेऊन सुई टोचण्याने त्याच्या हाती काही लागत नाही.

दाहच मूळ असेल तर औषध इतके लंगडे का?

तज्ज्ञांतही हा वाद चालू आहे. याआधीचे प्रयत्न तर साफ फसले होते. कॉम्प्लिमेंटच्याच साखळीतल्या फॅक्टर-डीला अडवणारे लॅम्पालिझुमॅब २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत नापास झाले. शिरेतून दिलेल्या एक्युलिझुमॅबनेही काही साधले नव्हते.

मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वेळेचे आहे. जनुकांचा पुरावा सांगतो की दाह आजाराच्या सुरुवातीपासून, दशकानुदशके काम करत असतो. औषध मात्र दिले जाते शेवटच्या टप्प्यात. तोवर काळ्या पेशींचे बेट मेलेले असते आणि त्याच्या कडेच्या पेशी अनेक कारणांनी एकमेकींमागे मरत असतात: ऑक्सिजनच्या विषारी अंशांनी, अडलेल्या रक्तपुरवठ्याने, साठलेल्या चरबीने, आणि दाहानेही. एवढ्यांतले एकच कारण अडवून १५-२० टक्के फरक पडला, तर दाहाचा वाटा खरा आहे आणि तो एकट्याचा नाही, असाच त्याचा अर्थ. शिवाय कॉम्प्लिमेंट पूर्ण बंद करणेही बरोबर नाही. थोड्या प्रमाणात ती कचरा उचलायलाच लागते.

धूर, ताट आणि गोळ्या

आजार अजून मधल्या टप्प्यात असताना आपल्या हातात काय आहे? सर्वांत वरचे नाव विडी-सिगारेटचे. धूम्रपान करणाऱ्यांत एएमडीचा धोका दोन ते चार पट असतो. धुरामुळे चरबी खवट होण्याचा वेग वाढतो आणि प्रयोगशाळेत तो सी-३ लाही थेट चेतवताना दिसला आहे. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो. ‘आता सत्तरीत सोडून काय उपयोग?’ याचे उत्तर ‘आहे’ असे आहे.

पालक, मेथी, शेवग्याचा पाला, अंड्याचा बलक यांत ल्युटिन असते, आणि मॅक्युलाचा पिवळा रंग ल्युटिन आणि त्याच्याच जातीच्या द्रव्यांचा असतो. भाज्या, फळे, डाळी आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत आजार सावकाश वाढतो असे पाहणी-अभ्यासांत दिसते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनी मात्र मोठ्या चाचण्यांत फायदा दिला नाही. म्हणजे बांगडा खा, कॅप्सूलवर पैसे घालू नका.

‘डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या’ गोळ्यांबद्दल नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे त्या सर्रास लिहून दिल्या जातात. अमेरिकेत २००१ मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या चाचणीत क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मात्रेने पाच वर्षांत आजार गंभीर होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटले. २०१३ च्या पुढच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन काढून त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिअ‍ॅझँथिन घालायचे ठरले, कारण बीटा-कॅरोटिन घेतलेल्या माजी धूम्रपान करणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग जास्त आढळला. हा फायदा मोठे ड्रुसेन असलेल्यांना किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्यांना झाला. ज्यांना आजार नाही किंवा अगदी बारीक ड्रुसेन आहेत, त्यांना या गोळ्यांनी आजार टळत नाही. पाकिटावर मात्रा वाचा; विडी-सिगारेट ओढत असाल किंवा पूर्वी ओढलेली असेल, तर बीटा-कॅरोटिन नाही ना, हे आवर्जून बघा.

घरच्या घरी तपासणी

मोठे ड्रुसेन असलेल्या माणसाने ओला प्रकार सुरू होतोय का यावर स्वतः लक्ष ठेवावे. त्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अ‍ॅम्सलर यांनी केलेला चौकटींचा तक्ता वापरतात. तो नसेल तर मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान घ्या, मध्यभागी पेनाने ठळक ठिपका काढा आणि फ्रिजवर चिकटवा. वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून ठिपक्याकडे पाहा. मग दुसरा डोळा. आजूबाजूच्या रेघा वाकड्या, लहरदार दिसल्या, एखादी चौकट पुसल्यासारखी वाटली, तर आठवडाभर वाट पाहू नका.

एकेक डोळा झाकणे सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो, आणि एक डोळा कित्येक महिने अधू असूनही कळत नाही. दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा बाथरूमच्या फरश्यांमधल्या रेघा वाकड्या दिसतात, अशी तक्रार घरातल्या कोणी केली तर ती चष्म्याच्या दुकानावर थांबवू नका. नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला एएमडी असेल, तर पन्नाशीनंतर स्वतःचाही पडदा दाखवून घ्यावा. त्यासाठी जनुकांची चाचणी करण्याची गरज नाही. तिच्या निकालाने आज उपचार बदलत नाहीत, आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनाही ती सरसकट करायला सांगत नाहीत. बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेली तपासणी आणि लागल्यास ओसीटी एवढे पुरते. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नका, गॉगल बरोबर ठेवा, आणि आधीच्या चष्म्याचे व तपासण्यांचे कागद असतील तर तेही न्या.